वाहतुकीत मोडलेले फर्निचर : माल ताब्यात घेताना काय पाहावे, भरपाई कोठे मागावी

पुणे, मुंबई किंवा नागपूर येथून निघालेले कपाट हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून तमिळनाडूतील आडुतुरैसारख्या लहान गावी पोहोचते, तेव्हा ते किमान दोनदा तरी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलविले गेलेले असते. मोठा ट्रक महामार्गावरील शहरातील गोदामापर्यंत येतो. तेथून माल टेम्पोत चढतो आणि शेवटी हमालांच्या खांद्यावरून घरात शिरतो. फर्निचरचे बहुतेक नुकसान या चढ-उतारात होते. हे नुकसान भरून मिळेल की नाही, हे मात्र पुष्कळदा माल उतरल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरते. त्या वेळी पोचपावतीवर काय लिहिले गेले आणि काय लिहायचे राहून गेले, यावर पुढील सर्व दावे अवलंबून असतात.

आडुतुरै हे तंजावूर जिल्ह्यातील गाव कुंभकोणमहून मयिलादुतुरैकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या येथील भातसंशोधन केंद्रामुळे 'एडीटी' या नावाने सुरू होणारे भाताचे वाण देशभरातील कृषितज्ज्ञांना परिचित आहेत. मराठी वाचकांना हा परिसर आणखी एका कारणाने जवळचा आहे. तंजावूरला मराठ्यांचे राज्य १८५५ पर्यंत होते आणि त्या काळापासून स्थायिक झालेली मराठी भाषक कुटुंबे या जिल्ह्यात आजही आहेत. शिक्षण, बँका, रेल्वे आणि संशोधन संस्था यांतील बदल्यांमुळे महाराष्ट्रातून नव्याने येणारी कुटुंबेही येथे संसार थाटतात. त्यांचे सामान दूरच्या राज्यातून येते, गाडीवानाची भाषा निराळी असते आणि विक्रेत्याचे कार्यालय शेकडो किलोमीटरवर असते. अशा ग्राहकांना कायद्याने कोणते संरक्षण दिले आहे, याची ही माहिती.

माल उतरताना

खोके घरात घेण्यापूर्वी त्याच्या सर्व बाजू पाहाव्यात. कोपरा दबलेला असणे, पुठ्ठा फाटलेला असणे, पाण्याचा डाग किंवा दुसऱ्यांदा लावलेली चिकटपट्टी ही आतील नुकसानीची चिन्हे असतात. खोके उघडण्यापूर्वी, उघडताना आणि उघडल्यानंतर अशी तीन टप्प्यांची छायाचित्रे घ्यावीत. एका छायाचित्रात खोक्यावरील पत्ता व बिल्टीचा क्रमांक आणि शक्य असल्यास गाडीचा क्रमांक दिसावा. बिल्टीवर लिहिलेल्या नगांची संख्या प्रत्यक्ष मोजून घ्यावी. पलंगाचे स्क्रू, कपाटाच्या किल्ल्या आणि बिजागऱ्या यांची लहान पिशवी गहाळ झाली, तर संपूर्ण वस्तू निरुपयोगी ठरते.

पोचपावतीवर 'माल सुस्थितीत मिळाला' असे छापलेले असते. नुकसान दिसत असल्यास त्याखाली नुसती सही करू नये. 'कपाटाच्या डाव्या दाराला तडा, वरची कड तुटलेली, खोके ओले' असा नेमका शेरा लिहून, दिनांक व वेळ टाकून सही करावी आणि त्या कागदाचे छायाचित्र घ्यावे. खोके उघडून पाहण्यास गाडीवान थांबत नसेल, तर 'आतील माल न तपासता स्वीकारला' असे लिहावे. हा शेरा इंग्रजीत किंवा तमिळमध्ये असल्यास स्थानिक कार्यालयाला तो समजला नाही, अशी सबब राहत नाही. तमिळमध्ये नुकसानीला 'सेदम' म्हणतात. आपल्या भाषेत शेरा लिहिण्यासही कोणतीही आडकाठी नाही.

माल नाकारावा की शेरा लिहून घ्यावा, हा प्रश्न नेहमी पडतो. नव्या खरेदीत वस्तू उघडपणे मोडलेली असेल, तर ती न स्वीकारता परत पाठविणे सोयीचे असते. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानले जात नाही. रास्त कारणाने नाकारलेला माल स्वतः परत नेऊन देण्याचे बंधनही त्याच्यावर नसते. नाकारल्याचे विक्रेत्याला कळविणे पुरेसे असते. घरचे जुने सामान बदलीच्या गावी येत असेल, तर गोष्ट वेगळी असते. तेथे विक्रेता नसतो आणि न स्वीकारलेला माल वाहतूकदाराच्या गोदामात पडून राहतो. वाहतूकदाराने सूचना दिल्यापासून ३० दिवसांत माल नेला नाही, तर तो बेवारस ठरण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणून असे सामान शेरा लिहूनच ताब्यात घ्यावे.

नुकसान वाहतुकीतले की हवेतले

कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. महाराष्ट्रात त्या सुमारास हवा कोरडी होत असते. कोरड्या हवेतून आलेले लाकूड येथे ओलावा शोषून फुगते, खण अडकतात आणि दारे नीट लागत नाहीत. हा लाकडाचा स्वभाव आहे. त्याबद्दल वाहतूकदाराला दोष देता येत नाही. ताज्या तड्यात लाकडाचा आतील उजळ रंग दिसतो, तर जुन्या तड्यात धूळ व पॉलिश साचलेले असते. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळ्यांच्या कडा पाणी लागताच फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. खोक्यावरही पाण्याचा डाग असेल, तर ते पाणी वाटेत लागल्याचा पुरावा मिळतो. दावा निकाली निघेपर्यंत खोके, थर्माकोल आणि आवेष्टनाचे तुकडे टाकून देऊ नयेत. वस्तू सुताराकडून लगेच दुरुस्तही करून घेऊ नये. आधी त्याच्याकडून दुरुस्तीच्या खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा.

विक्रेत्याची जबाबदारी

विक्रेत्याने घरपोच देण्याचे मान्य केले असेल, तर वाटेत कोणाच्या हातून वस्तू मोडली याचा शोध ग्राहकाने घेण्याची गरज नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तू पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारल्याने हे कर्तव्य संपत नाही.

इंटरनेटवरील खरेदीसाठी जुलै २०२० मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. त्यानुसार विक्री करणाऱ्या संकेतस्थळाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे. म्हणून दूरध्वनीवरील संभाषणावर विसंबू नये. ईमेल किंवा संकेतस्थळावरून लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. दुरुस्ती, बदली वस्तू किंवा रक्कम परत यांपैकी नेमके काय हवे, हे पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहावे.

रस्त्याने आलेला माल

ग्राहकाने स्वतः ट्रक किंवा 'पॅकर्स अँड मूव्हर्स' ठरविले असतील, तर २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा लागू होतो. १ मार्च २०११ पासून अमलात आलेल्या या कायद्याने १८६५ च्या वाहक कायद्याची जागा घेतली. माल गोळा करणाऱ्या, साठविणाऱ्या व पोहोचविणाऱ्या कंपन्या आणि कुरिअर संस्थाही त्याच्या कक्षेत येतात. नुकसान वाहतूकदाराच्या निष्काळजीपणामुळे झाले, हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर नसतो. माल धडधाकट दिला आणि मोडलेला मिळाला, एवढे दाखविणे पुरेसे असते. जुन्या कायद्यातील हेच तत्त्व ग्राहक मंचांपुढील प्रकरणांनाही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या प्रकरणात दिला. त्या प्रकरणात वाहतूकदाराच्या गोदामाला लागलेल्या आगीत जनरेटर संच नष्ट झाले होते.

या संरक्षणाला दोन मर्यादा आहेत. पहिली रकमेची. भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते आणि तीही बिल्टीसोबतच्या प्रपत्रात जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक नसते. उदाहरणार्थ, भाडे ६,००० रुपये असेल आणि मालाची जाहीर किंमत दीड लाख असेल, तर मर्यादा ६०,००० रुपयांची होते. त्याच भाड्याच्या मालाची किंमत ४०,००० लिहिली असेल, तर ४०,००० रुपयांहून अधिक मागता येत नाही. वाढीव जोखमीचा दर भरण्याचे लेखी मान्य केल्यास ही दहापटीची मर्यादा लागू होत नाही. कर किंवा भाडे वाचावे म्हणून शिसवी कपाटाची किंमत दोन-चार हजार लिहिणारे कुटुंब आपल्याच हाताने आपला दावा लहान करीत असते.

दुसरी मर्यादा मुदतीची. माल नोंदविल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस मिळाली पाहिजे. ती नसेल तर दावाच दाखल करता येत नाही. ही मुदत माल मिळाल्यापासून मोजली जात नाही, हे लक्षात ठेवावे. नोटीस पोचपावतीसह टपालाने वाहतूकदाराच्या मुख्य कार्यालयाला पाठवावी. शाखेतील कर्मचाऱ्याचे तोंडी आश्वासन नोटिशीची जागा घेऊ शकत नाही.

बिल्टीच्या मागील बारीक अक्षरांतील अटीही वाचाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनीच्या प्रकरणात, सही केलेल्या कुरिअर पावतीवरील १०० डॉलरची मर्यादा ग्राहकावर बंधनकारक ठरविली होती.

रेल्वेने आलेला माल

कुंभकोणमपर्यंत रेल्वे पार्सलने माल मागविणाऱ्यांसाठी १९८९ च्या रेल्वे कायद्यात 'ओपन डिलिव्हरी'ची तरतूद आहे. नग मोडलेला किंवा उघडल्यासारखा दिसत असेल, तर पार्सल ऑफिसात तशी मागणी करावी. ती मान्य करणे रेल्वेचे कर्तव्य आहे. अधिकाऱ्यांसमोर नग उघडून नुकसानीची नोंद होते आणि तीच पुढे पुरावा ठरते. माल रेल्वेच्या स्वाधीन केल्यापासून सहा महिन्यांत लेखी दावा करावा लागतो. किंमत जाहीर करून त्यावरील आकार भरला नसल्यास भरपाई वजनानुसार ठरलेल्या मर्यादेतच मिळते. आवेष्टन सदोष असल्याची नोंद प्रपत्रात असेल, तर रेल्वेचा निष्काळजीपणा दावेदाराला सिद्ध करावा लागतो. असे दावे रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढे चालतात.

विम्याचे कलम

वाहतूक विम्याचे 'अ', 'ब' आणि 'क' असे तीन प्रकार रूढ आहेत. 'क' प्रकारात मुख्यतः आग आणि वीज एवढेच धोके येतात. 'ब' प्रकारात वाहनाची टक्कर, गाडी उलटणे व रुळांवरून घसरणे यांची भर पडते. चढ-उतारातील मोडतोडीसाठी सर्वसमावेशक 'अ' प्रकार घ्यावा लागतो. अपुरे आवेष्टन आणि वस्तूचा अंगभूत दोष त्यातूनही वगळलेले असतात. वाहतूकदार बिलात 'जोखीम आकार' लावतो, तेव्हा तो विमा आहे की केवळ त्याचे स्वतःचे आश्वासन, हे विचारावे आणि विमा कंपनीचे प्रमाणपत्र मागावे.

विमा असला तरी वाहतूकदाराला नोटीस द्यावीच लागते. भरपाई दिल्यावर विमा कंपनी ग्राहकाच्या जागी उभी राहून वाहतूकदाराकडून वसुली करते. तमिळनाडूतील चरण स्पिनिंग मिल्सच्या सुताच्या मालासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१० मध्ये या अधिकाराचे स्वरूप स्पष्ट केले. विमाधारकाने नोटिशीची मुदत घालविली, तर हा अधिकारही धोक्यात येतो आणि विमा कंपनी त्यावर आक्षेप घेऊ शकते.

तक्रार कोठे करावी

प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याचा अधिकार दिला आहे. त्यामुळे विक्रेता मुंबईचा असला, तरी आडुतुरैचा रहिवासी तंजावूरच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते. ऑनलाइन तक्रारीसाठी २०२० मध्ये 'ई-दाखिल' सुरू झाले आणि १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' हे संकेतस्थळ उपलब्ध झाले आहे. सुनावणी दूरचित्र संवादाने घेण्याची विनंतीही करता येते. दुकानासाठी किंवा पुनर्विक्रीसाठी घेतलेल्या मालाला मात्र हा मार्ग सामान्यतः खुला नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते.

तक्रारीसोबत खरेदीची पावती, बिल्टी, शेरा असलेली पोचपावती, छायाचित्रे, दुरुस्तीचा अंदाज आणि पत्रव्यवहार जोडावा. हे सर्व कागद एकाच लिफाफ्यात, माल नोंदविल्याच्या दिवसापासूनच ठेवण्यास सुरुवात करावी आणि त्या लिफाफ्यावर १८० वा दिवस कोणत्या तारखेला येतो ते लिहून ठेवावे.