समुद्रातला चिखल

एक रुपयाची नोट आठवते ना मंडळी? तिच्या पाठीवर समुद्रात उभी असलेली एक लोखंडी माची छापलेली असे. ती 'सागर सम्राट'. जपानमध्ये बांधलेली ही माची मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर उभी राहिली, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तिथे तेल लागले. मे १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. पुढे समुद्रतळावरून नळ टाकून ते तेल उरणला, म्हणजे तेव्हाच्या आपल्या कुलाबा जिल्ह्यात आले. हा इतिहास मी वर्गात मोठ्या अभिमानाने शिकवला. अभिमान आजही आहे. पण क्रमिक पुस्तकात तेल होते, चिखल नव्हता. आज त्या चिखलाविषयी लिहितो.

बोअर मारताना तुम्ही पाहिले असेल, यंत्राच्या तोंडातून राखाडी राड बाहेर उडते आणि अंगणभर पसरते. आमच्या सवला सावित्रीच्या काठी गरम पाणी जमिनीतून आपणहून वर येते, त्यासाठी कोणाला भोक पाडावे लागत नाही. तेलाचे तसे नाही. दीड-दोन किलोमीटर खडक फोडत जायचे तर फोडलेला चुरा वर कसा आणणार? त्यासाठी पोकळ नळीतून खाली चिखल सोडतात. तो पात्याला थंड करतो, चुरा उचलून नळीच्या बाहेरच्या बाजूने वर आणतो आणि आपल्या वजनाने खालचा वायू दाबून धरतो. तेलवाले त्याला 'मड' म्हणतात. हा चिखल साधासुधा नव्हे हं! त्यात बेंटोनाइट नावाची फुगणारी माती असते, ती आपल्याकडे कच्छात मिळते. वजन वाढवायला बॅराइटची पूड घालतात, तिची मोठी खाण आंध्रात मंगमपेट येथे आहे.

या युक्तीची एक गंमत सांगतात. १९०१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप येथे विहीर खणताना वाळू सारखी ढासळत होती. तेव्हा तिथल्या लोकांनी डबक्यात गुरे घालून पाणी तुडवून घेतले आणि तो गढूळ चिखल विहिरीत सोडला. हे वाचले तेव्हा मला आपली भाताची चिखलणी आठवली. बैल तेच, चिखल तोच. आपण त्यात रोप लावले, त्यांनी तेल काढले! असो.

वर आलेला चिखल हलत्या चाळणीवर पडतो. चिखल गाळून पुन्हा खाली जातो आणि चाळणीवर खडकाचा चुरा उरतो. या चुऱ्याचे करायचे काय? थोडे गणित करू. ३० सेंटीमीटर व्यासाचे भोक एक किलोमीटर खोल पाडले तर सुमारे ७० घनमीटर खडक निघतो, आणि फुटल्यावर तो आणखी फुगतो. ही एका विहिरीची गोष्ट. मुंबई हायच्या परिसरात अशा शेकडो विहिरी झाल्या. हा चुरा माचीवरून खाली पाण्यात सोडायचा, ही जगभरची जुनी रीत.

चिखल पाण्यात कालवलेला असेल तर त्रास त्या मानाने कमी. चुरा तळाशी बसतो, तिथले किडे-शिंपले गाडले जातात, काही काळाने पुन्हा वस्ती होते. पण अवघड थरात पाण्याचा चिखल चालत नाही, तिथे तेलात कालवलेला वापरतात. त्याचा चुरा तेलकट असतो आणि तळावर ढीग होऊन राहतो. उत्तर समुद्रात ब्रिटन-नॉर्वेच्या माच्यांखाली असे ढीग साचले. शेवटी २००० साली तिथल्या देशांनी ठरवले की एक टक्क्याहून जास्त तेल असलेला चुरा समुद्रात टाकायचा नाही.

आपल्याकडे पर्यावरण मंत्रालयाने या चिखलासाठी राजपत्रात नियम काढले ते ३० ऑगस्ट २००५ ला. आमच्याकडे तेव्हा राजपत्र वाचायला कोणाला उसंत होती? महिनाभरापूर्वीच, २५-२६ जुलैला, महाड तालुक्यात दरडी कोसळल्या होत्या. दासगाव, जुईकडे माणसे चिखलाखाली गेली होती. चिखल म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे तोच येतो.

तर नियम असे. डिझेलचा चिखल वापरायचा नाही. तेलाच्या चिखलातला चुरा समुद्रात सोडायचा नाही, आणि तेलाच्या थरातून आलेल्या चुऱ्यात किलोमागे १० ग्रॅमपेक्षा जास्त तेल असता कामा नये. बाकीचा चुरा धुऊन सोडायचा तोही थांबून थांबून, एका विहिरीमागे तासाला सरासरी ५० पिंपे, म्हणजे सुमारे ८ हजार लिटर. वाया गेलेला तेलकट चिखल मात्र किनाऱ्यावर आणून, झिरपणार नाही अशा खड्ड्यात टाकायचा. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आतल्या माचीने काही अपाय केला, तर तिचा चुराही किनाऱ्यावर आणायचा.

नियम चांगलेच आहेत. पण मला एक खटकते. अपाय दिसला तर आणा, हे किनाऱ्याजवळ ठीक, तिथे पाहायला कोळी आहेत. दीडशे किलोमीटरवर कोण पाहणार? माचीभोवती ५०० मीटर तर कोणाला होडी नेता येत नाही, आणि सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. म्हणजे मोजणारा तोच आणि टाकणारा तोच, असा तो मामला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. किनाऱ्यावर आणायचा म्हणजे कोणाच्या तरी गावच्या शिवेत खड्डा आला. औद्योगिक घातक कचऱ्याचे केंद्र आपल्याच जिल्ह्यात तळोज्याला आहे. महाडला रासायनिक कारखाने आल्यापासून सावित्रीच्या काठच्या आम्हा लोकांना या विषयाची धास्ती नवी नाही. तरीही माझे मत विचाराल तर तेलकट चुरा किनाऱ्यावरच यावा. जमिनीवरचा खड्डा निदान दिसतो, कोणी ग्रामसभेत उठून विचारू शकतो. उत्तर समुद्रात आता तो बंद पेट्यांतून बोटीने आणतात आणि भट्टीसारख्या यंत्रात तापवतात. तेल उडून वेगळे होते, ते पुन्हा चिखलात वापरता येते. मागे राहते ती कोरडी राखाडी पूड. ती पुरायला जागा लागतेच, पण खड्डा लहान लागतो.