दोन प्रवाहांमधील थर : देवळा परिसराच्या संदर्भात दख्खन ट्रॅपच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना :

नाशिक जिल्ह्यातील देवळा तालुका सातमाळा डोंगररांगेच्या उत्तरेस, गिरणा नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांचा मिळून होणारा परिसर ‘कसमादे’ या नावाने ओळखला जातो. चांदवडकडून भावडबारीचा घाट ओलांडून या परिसरात प्रवेश करताना समोर दिसणारे सपाट माथ्याचे डोंगर, शेतातील मुरूम, गिरणेच्या पात्रातील कातळ आणि विहिरीतून निघणारा काळा दगड ही सर्व एकाच प्राचीन घटनेची रूपे होत. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या भेगांमधून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला, दूरवर पसरला आणि थंड होऊन त्याचा बेसॉल्ट खडक बनला. हा खडकसमूह ‘दख्खन ट्रॅप’ या नावाने जगभर ओळखला जातो. आज त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले असून महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग त्याखाली येतो.

असे असूनही ज्वालामुखीचा पाठ शिकताना विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर इटलीतील व्हेसूव्हियस किंवा जपानमधील फुजियामा येतो. गावाशेजारचा डोंगर येत नाही. पृथ्वीच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा पुरावा ज्या भूमीत आहे, त्या भूमीतील विद्यार्थ्याला तो परका का वाटावा, हा प्रश्न शिक्षणाच्या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

दख्खन ट्रॅपविषयीचे ज्ञान कोणत्या टप्प्यांनी विकसित झाले याचा आढावा घेणे, या ज्ञानाचा देवळा व परिसरातील भूरूपे आणि विहिरी यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे, तसेच शास्त्रीय ज्ञान आणि लोकज्ञान यांच्यातील अंतराचा शोध घेणे ही या निबंधाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी दुय्यम साधनांवर आधारित ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पायऱ्यांचे निरीक्षण :

‘ट्रॅप’ हा शब्द पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सातमाळा रांगेकडे पाहिल्यास या नावाची सार्थकता पटते. लाव्हाप्रवाहाचा मधला घट्ट भाग झिजेला दाद देत नाही, म्हणून त्याचे उभे कडे बनतात. प्रवाहाचा वरचा सच्छिद्र भाग लवकर कुजतो, म्हणून तेथे उतार किंवा सपाटी तयार होते. कडा, सपाटी, पुन्हा कडा असा क्रम डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतो. सप्तशृंग गडाचा कडा, चांदवड व इंद्राई हे किल्ले याच रचनेतून घडले. दुर्ग बांधणाऱ्यांनी या तयार तटबंदीचा उपयोग करून घेतला. धोडप किल्ल्याच्या माथ्यालगतची उभी भिंत मात्र वेगळ्या प्रकारची आहे. आडव्या थरांना छेदून वर आलेला लाव्हारस भेगेतच थिजला आणि भोवतालचा खडक झिजून गेल्यावर ही भिंत उघडी पडली. अशा भित्तींचे मोठे समूह उत्तरेस धुळे व नंदुरबार परिसरातही आढळतात.

या प्रदेशाचे आधुनिक पद्धतीचे वर्णन प्रथम कंपनी सरकारच्या काळात झाले. मुंबई इलाख्यात सांख्यिकी अधिकारी म्हणून काम केलेल्या कर्नल साइक्स यांनी १८३३ साली दख्खनच्या भूरचनेवर निबंध सादर केला. आडव्या थरांचा हा प्रचंड विस्तार त्यात नोंदविला गेला. १८५१ मध्ये थॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे कार्य सुरू झाले. त्या संस्थेतील ब्लॅनफर्ड यांनी १८६० च्या दशकात पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅपचा विस्तृत अभ्यास केला. हा लाव्हा पाण्याखाली नव्हे, तर उघड्या जमिनीवर पसरला, हे मत त्यांनी मांडले. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांचा भारताच्या भूविज्ञानावरील ग्रंथ १८७९ मध्ये, तर नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा प्रकारे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशाच्या खडकांची नोंद इंग्रजी ग्रंथांत झाली होती. मात्र ती महसूल, खनिजे, रस्ते आणि लोहमार्ग यांच्या गरजांशी जोडलेली होती. येथील शाळेपर्यंत पोहोचणे हा तिचा हेतू नव्हता.

थरांची मोजणी :

डोंगरात दिसणारे थर जमिनीखाली किती खोल जातात, हा पुढचा प्रश्न होता. देवळ्याहून पुढे खानदेशात उतरणारी गिरणा ज्या तापी खोऱ्यात मिळते, त्याच खोऱ्यातील भुसावळ येथे याचे पहिले ठळक उत्तर मिळाले. तेथे कोळशाच्या शोधासाठी १,२१७ फूट खोल वेधन करण्यात आले. कोळसा मिळाला नाही. परंतु वर आलेल्या खडकांच्या नमुन्यांचा अभ्यास करून फर्मर यांनी १९२५ मध्ये त्यात २९ लाव्हाप्रवाह असल्याचे दाखविले. एवढ्या खोलीवरही ट्रॅपचा तळ लागला नव्हता. पुढे कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी झालेल्या वेधनात, रासाटी येथे, ९३३ मीटर बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइटी पायाखडक लागला.

१९८० च्या दशकात थरांची नुसती संख्या मोजण्याऐवजी त्यांच्या रासायनिक घटकांवरून त्यांचा क्रम लावण्यात आला. या क्रमातील एका शैलसमूहाला इगतपुरीचे नाव मिळाले, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वर्गीकरणात सह्याद्री गटाच्या तळाच्या शैलसमूहाला बागलाणातील साल्हेरचे नाव देण्यात आले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला १६७२ च्या लढाईमुळे परिचित असलेला साल्हेर भूवैज्ञानिकांच्या लेखनात एका कालखंडाच्या खडकांचे नाव म्हणून वावरतो, ही बाब कसमादेतील शिक्षकांनी आवर्जून सांगण्यासारखी आहे.

वयाचा वाद :

हे खडक किती जुने, हा वाद दीर्घकाळ चालला. येथे लक्षणीय बाब ही की, वयाचा निर्णायक पुरावा बहुधा लाव्हाप्रवाहात नव्हे, तर दोन प्रवाहांच्या मधल्या थरात सापडला. एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ जाई. त्या अवधीत माती तयार होई, तळी साचत, वनस्पती व प्राणी वस्ती करीत. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप व हंटर यांनी टाकळी येथील अशा आंतरप्रवाही थरांतून गोड्या पाण्यातील गोगलगायी, वनस्पतींचे अवशेष इत्यादी जीवाश्म गोळा करून १८५५ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या जीवाश्मांवरून १९३४ मध्ये ट्रॅप क्रिटेशस काळातील की त्यानंतरच्या तृतीयक काळातील, हा प्रश्न नव्याने उपस्थित केला आणि तृतीयक काळाच्या बाजूने मत दिले.

१९५६ मध्ये क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॅपमधील नैसर्गिक चुंबकत्वाचे मापन प्रसिद्ध केले. लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजे त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा जपून ठेवतात. त्या दिशेवरून असे दिसले की, हा खडक बनताना भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. खंडवहनाच्या कल्पनेकडे अनेक शास्त्रज्ञ अद्याप साशंकतेने पाहत असताना दख्खनच्या कातळाने तिला आधार दिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासकांनीही पुढील काळात या कामात भर घातली.

१९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायनासोरांच्या नाशाचा संबंध अशनीच्या आघाताशी जोडला. १९८६ मध्ये कूर्तिलो व सहकाऱ्यांनी दख्खनचा उद्रेक त्याच काळात, अल्पावधीत झाल्याचे प्रतिपादन केले. यानंतर या खडकाच्या वयाला जागतिक महत्त्व आले. २०१५ व २०१९ मध्ये शोन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील लाव्हाप्रवाहांदरम्यानच्या लाल थरांतून झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेगळे केले. ज्वालामुखीच्या राखेबरोबर आलेल्या या स्फटिकांतील युरेनियम व शिशाच्या प्रमाणावरून उद्रेकांचा काळ अधिक अचूकपणे ठरविता आला. २०१९ मध्येच स्प्रेन व सहकाऱ्यांनी दुसऱ्या पद्धतीने काढलेले निष्कर्ष मात्र उद्रेकाच्या वेगाबाबत वेगळे होते. उद्रेकाचा बराचसा भाग आघातापूर्वीचा की नंतरचा, यावर मतभेद आहेत. म्हणजेच हा विषय पाठ्यपुस्तकात बंद झालेला नसून अभ्यासकांच्या विचाराधीन आहे.

विहिरीचे ज्ञान :

जे मधले थर शास्त्रज्ञांना वयासाठी महत्त्वाचे वाटले, तेच थर शेतकऱ्याला पाण्यासाठी महत्त्वाचे होते. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी साठण्यास जागा जवळजवळ नसते. पाणी मिळते ते कुजलेल्या खडकात, भेगांत, प्रवाहाच्या सच्छिद्र भागात आणि दोन प्रवाहांच्या सांध्यावर. प्रवाहांमधील लाल थर बहुधा चिकणमातीयुक्त असल्याने पाणी अडवतो आणि विंधन विहिरीत अनेकदा ढासळतोही. त्यामुळे एकाच शिवारात एका विहिरीला पाणी लागते आणि जवळच्या दुसरीला लागत नाही. हा नशिबाचा भाग नसून खडकाच्या रचनेचा परिणाम आहे.

महाराष्ट्रात विहिरीच्या कामावरील लोकांनी या थरांना फार पूर्वीच नावे दिली आहेत. वरचा कुजलेला तो मुरूम, पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला तो मांजऱ्या, घट्ट काळा तो पाषाण. विहीर खोदणाऱ्या वडार कारागिरांनी आणि शेतकऱ्यांनी पहारीच्या आवाजावरून, दगडाच्या फुटण्यावरून हे भेद जाणले. पाणाड्याच्या नारळाला किंवा काठीला शास्त्रीय आधार नाही. खोदणाऱ्याच्या या निरीक्षणाला मात्र निश्चित आधार आहे. ग्रंथांतील आणि विहिरीतील ज्ञान एकाच खडकाविषयी होते. परंतु एक इंग्रजीत लिहिले गेले आणि दुसरे लिहिलेच गेले नाही.

१९७२ च्या दुष्काळाच्या काळात राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. गावोगावच्या निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी नियमितपणे नोंदविण्याचे काम तिने सुरू केले. शासकीय भूवैज्ञानिक आणि शेतकरी यांची गाठ येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर पडली. मात्र याच काळानंतर विंधन विहिरींचा प्रसार वाढला. उघड्या विहिरीत उतरणाऱ्याला थर डोळ्यांनी दिसतात. विंधन विहिरीतून दिसतो तो फक्त चुरा. कांदा आणि डाळिंब यांच्या सिंचनासाठी खोल जाणाऱ्या या छिद्रांबरोबर थर पाहण्याची सवय आणि त्यांची नावे, दोन्ही मागे पडण्याचा धोका आहे.

मराठीतील भूविज्ञान :

मराठीत या विषयाची परिभाषा घडविण्याचे महत्त्वाचे कार्य मराठी विश्वकोशाने केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वकोशात भूविज्ञानातील नोंदी सविस्तर असून ‘दक्षिण ट्रॅप’ या संज्ञेखाली येथील खडकांची माहिती मराठीत उपलब्ध झाली. तथापि ग्रामीण महाविद्यालयांत भूविज्ञान स्वतंत्र विषय म्हणून क्वचितच शिकविला जातो. तो भूगोलाच्या अभ्यासक्रमातील एका प्रकरणापुरता उरतो. साहजिकच परिभाषा विद्यार्थ्याला पाठ होते, पण ती त्याच्या घरच्या विहिरीला लागू पडते, हे त्याला उमगत नाही.

निष्कर्ष :

१. दख्खन ट्रॅपचे ज्ञान प्रथम पायऱ्यांच्या निरीक्षणातून, नंतर थरांच्या मोजणीतून आणि शेवटी दोन प्रवाहांमधील थरांच्या सूक्ष्म अभ्यासातून विकसित झाले.

२. हे मधले थर पृथ्वीच्या इतिहासाचा काळ सांगतात आणि सांध्यावरील भूजलाचे वर्तन समजण्यासही मदत करतात. त्यामुळे या प्रदेशात भूविज्ञान हा उपजीविकेशी निगडित विषय ठरतो.

३. लोकांनी दिलेली थरांची नावे हे दस्तऐवजाच्या मोलाचे साधन आहे. इतिहास, भूगोल आणि मराठी या विभागांनी एकत्रितपणे त्यांचे संकलन करणे आवश्यक आहे.

४. नवी विहीर खोदली जात असताना तिच्या थरांची खोलीनिहाय नोंद विद्यार्थ्यांनी केल्यास अत्यल्प खर्चात गावाचा भूवैज्ञानिक दस्तऐवज तयार होऊ शकतो. उघड्या विहिरी बुजविल्या जाण्यापूर्वी हे काम होणे इष्ट आहे. कारण एकदा बुजलेली विहीर पुन्हा वाचता येत नाही.