कंपनीचा स्टीरिओ परत बसवताना

बाजारातून घेतलेला स्टीरिओ काढून गाडीचा मूळ संच परत बसवणे म्हणजे आधी केलेले काम उलट्या क्रमाने करणे, असा समज असतो. तो अर्धाच खरा. संच तोच असला तरी ज्या वायरिंगला तो जोडायचा, ती मधल्या काळात बदललेली असू शकते. म्हणून डॅशबोर्ड उघडल्यावर आधी संचाकडे नव्हे, कपलरकडे पाहावे.

कपलर शाबूत असेल, म्हणजे नवा संच बसवताना मध्ये जुळणीचा तयार हार्नेस वापरला असेल, तर फारसे काही उरत नाही: हार्नेस उपसायचा, मूळ संच टोचायचा. पण तामलवाडीसारख्या सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या गावातली गाडी सहसा शहरातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलेली असते. तिथे घाईत कपलर कापून वायरी पिळून टेप गुंडाळण्याची रीत चांगलीच रुजली आहे. खरे विवेचन लागते ते या दुसऱ्या प्रकाराला.

इथली पहिली चूक रंगांवर विसंबण्याची. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा पुरवठा, लाल म्हणजे चावीबरोबर येणारा, काळी म्हणजे अर्थ. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या. ही रंगरीत बाजारातल्या संचांची. गाडीच्या कंपनीवर ती बंधनकारक नाही. आयएसओ १०४८७ या मानकातल्या पुरवठ्याच्या कपलरमध्ये ४ क्रमांकाला कायमचा पुरवठा, ७ ला चावीचा आणि ८ ला अर्थ असतो. तरी काही युरोपीय गाड्यांत ४ आणि ७ यांची अदलाबदल आढळते. चावी काढली की स्टेशने आणि घड्याळ पुसले जात असेल, तर दोष बहुधा इथेच. त्यामुळे रंग ही अटकळ, मल्टीमीटर हा पुरावा.

घड्याळ टिकावे म्हणून दोन्ही पुरवठे एकत्र पिळणारेही भेटतात. मग काही संच चावी काढल्यावरही पूर्ण झोपत नाहीत. समजा असा संच ३०० मिलिॲम्पिअर ओढत राहिला, तर दिवसाला ७.२ ॲम्पिअर-तास गेले. ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत आडवी होते, आणि ठपका बॅटरीवर येतो.

स्पीकरच्या वायरींत धोका आणखी वेगळा. आजच्या संचांतले ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचे असल्याने स्पीकरची ऋण वायरही जिवंत असते. ती बॉडीला अर्थ केली, तर संरक्षण मंडल आवाज तोडते किंवा ॲम्प्लिफायरची आयसीच जळते. धन-ऋण ओळखायला दीड व्होल्टचा सेल पुरतो: संच सुटा ठेवून वायरींना क्षणभर टेकवायचा, कोन बाहेर सरकला, तर सेलचे धन टोक लागलेली वायर धन. एकच स्पीकर उलटा जोडला गेला, तरी डाव्या-उजव्या कोनांची हालचाल विरुद्ध होते आणि बास हरवतो. यात काही जळत नसल्याने गिऱ्हाईक वर्षानुवर्षे मूळ संचालाच नावे ठेवतो.

ॲन्टेनाचे दुखणेही असेच फसवे. छतावरच्या आखूड ॲन्टेनात अनेकदा छोटा ॲम्प्लिफायर असतो. त्याला मूळ संच काही गाड्यांत ॲन्टेनाच्या केबलमधूनच १२ व्होल्ट देतो, काहींत वेगळ्या वायरीतून. ती वायर कापून टेपखाली दडली असेल, तर सोलापूर आकाशवाणी शहरात ठणठणीत वाजते आणि तुळजापूरचा घाट चढताना नेहमीपेक्षा लवकर खरखरू लागते. चाचणी म्हणून दुकानाच्या दारात रेडिओ ऐकणे त्यामुळे पुरेसे नाही.

अनेक नव्या गाड्यांत चावीची खबर स्वतंत्र वायरीऐवजी कॅन बस या गाडीतल्या संदेशजाळ्यावरून येते. ती खबर बाजारातल्या संचाला कळावी म्हणून मध्ये बसवलेली डबी तशीच ठेवली, तर मूळ संचाला ती खबर पोहोचेलच असे नाही, डबी काढावीच. शिवाय पुरवठा तुटल्यावर अनेक मूळ संच सुरक्षा-कोड मागतात. चुकीचे आकडे वारंवार दाबले की काही संच ठरावीक काळ कुलूपबंद होतात, तेव्हा गाडीच्या पुस्तिकेतले कोडचे कार्ड बॅटरीचे टर्मिनल सोडण्याआधीच शोधून ठेवावे.