हरकतीचा कागद

गेल्या वैशाखातली गोष्ट. अंगणात पाणी शिंपडून मी नुकताच खाटेवर टेकलो होतो, इतक्यात आमच्या ले-आउटमधली चार गृहस्थ मंडळी फाटक उघडून आत आली. एकाच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. आमच्या गल्लीच्या टोकाला जी मोकळी जागा आहे, तिचे विकास आराखड्यातील आरक्षण बदलून तेथे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी चार मजली इमारत बांधण्याचे योजिले आहे, सबब कोणाच्या हरकती व सूचना असतील त्यांनी त्या एका महिन्याच्या आत लेखी कळवाव्या, अशी ती जाहीर सूचना होती.

"गुरुजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. हा तर एक कागद आहे. तुम्ही लिहून द्या, आम्ही सह्या मारतो."

"पण हरकत कशाबद्दल?" मी विचारले.

"कशाबद्दल म्हणजे? पोरांचं मैदान जाते ना! अन् गरिबांबद्दल आपल्याले काही नाही बाप्पा, पण जागा हीच काहून?"

चौथे गृहस्थ इतका वेळ गप्प होते. जाताजाता ते हळूच म्हणाले, "कसले कसले लोक येतील, तुम्हाला तर माहीत आहे." मला माहीत होते. नागपुरात या वाक्याचा अर्थ कोणाला फोड करून सांगावा लागत नाही.

मी हो म्हटले. खोटे कशाला सांगू, माझीही पहिली ओढ हरकतीकडेच होती. माझ्या खिडकीतून त्या जागेपलीकडची कडुनिंबाची झाडे दिसतात, आणि चार मजले उठले की ती दिसायची नाहीत. पण रात्री कागद पुढे ओढला तेव्हा पहिली अडचण आली. ती जागा आराखड्यात मैदान म्हणून दाखविलेलीच नव्हती. ती बाजारासाठी राखलेली होती. बाजार काही उठला नाही, पोरे खेळत राहिली, आणि आम्ही मनाशी तिला मैदान म्हणू लागलो. एवढी वर्षे तेथे बाजार यायचा होता, त्याला आमच्यापैकी एकानेही हरकत घेतली नव्हती. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेला नाही, कायद्याची पुस्तके वाचण्याचा मला सराव नाही. पण आपल्याच गावात गरिबाच्या घराला जागा कोणी, कोठे आणि कशी दिली हे पाहिल्यावाचून हा कागद लिहू नये, असे मला वाटले. शाळेला सुट्टी होतीच.

नागपूरला आगगाडी आली १८६७ साली. वऱ्हाडचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, हे हेरून जमशेटजी टाटा येथे गिरणी काढायला आले. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, दलदलीची जागा त्यांनी घेतली आणि तीत भर टाकायला सुरुवात केली. एका मारवाडी पेढीवाल्याने भांडवल द्यायचे नाकारले. हा मनुष्य जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे त्यानेच कबूल केले म्हणतात की, टाटाशेठनी पुरली ती माती आणि काढले ते सोने! १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला नाव मिळाले एम्प्रेस. कामगारांसाठी प्रॉव्हिडंट फंडासारख्या सोयी या गिरणीने देशात फार लवकर केल्या, हे तिचे श्रेय कोणी नाकारीत नाही.

पण गिरणीला जागा मिळाली तशी गिरणी चालविणाऱ्याला मिळाली का? भोंगा झाला की धावत पोहोचता यावे एवढ्या अंतरात, मिळेल त्या बोळात, मिळेल त्या मालकाच्या जमिनीवर माणसे झोपड्या बांधून राहिली. पुढे कंपनीने रेल्वेच्या पलीकडे उत्तरेला, इंदोऱ्याच्या बाजूला, सरकारकडून जमीन घेतली. तेथे चाळी न बांधता रस्ते आखून भूखंड पाडले, कामगाराला कर्ज दिले आणि सांगितले, तुझे घर तू बांध. हिंदुस्थानातल्या कामगारांची स्थिती पाहण्यासाठी व्हिटलीसाहेबांचे कमिशन नेमले गेले होते. त्याच्या १९३१ च्या अहवालात या वसाहतीची दखल आहे. गिरणीचे पहिले व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या नावाने तिकडचा एक भाग अजून बेझनबाग म्हणून ओळखला जातो. कल्पना चांगलीच होती. मुंबईच्या दहा बाय सोळाच्या खोल्यांपेक्षा शतपटीने चांगली. मात्र एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. जमीन मिळाली ती गावाबाहेर, आणि म्हणूनच मिळाली. तिथे हरकत घ्यायला शेजारीच नव्हते.

गावाच्या आतल्या जागेचा इतिहास निराळा आहे, आणि त्याची सुरुवात प्लेगपासून होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी तेथे शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. अंधाऱ्या वस्त्या पाडाव्या, रुंद रस्ते काढावे, सुटलेली जमीन विकावी आणि त्या पैशात पुढची वस्ती पाडावी, असा त्याचा व्यवहार. पाडलेल्या खोल्यांइतक्या खोल्या त्या ट्रस्टाने पहिल्या वीस वर्षांत बांधल्या नाहीत. माणसे एका बोळातून उठली आणि पलीकडच्या बोळात आणखी दाटीने शिरली.

याच काळात पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश पंडित हिंदुस्थानात हिंडत होता. पाडापाडीवर त्याचा विश्वास नव्हता. इंदूरच्या होळकर दरबाराने त्याला बोलाविले, त्या वेळी गावात प्लेगची धास्ती होती. (आमचा इंदोरा आणि होळकरांचे इंदूर यांची वाचकांनी गल्लत करू नये.) १९१७ च्या दिवाळीत त्याने तेथे एक भलीमोठी मिरवणूक काढविली. तिच्यात हत्ती-घोडे होते, रथ होते, अक्राळविक्राळ राक्षस होता, प्रचंड उंदीर होता. आणि शेवटी दसऱ्याच्या रावणासारखे त्यांचे दहन झाले. मौज पुढेच आहे. मिरवणूक नेहमीच्या राजरस्त्याने जायची नव्हती. ज्या आळीची घरे सर्वांत जास्त साफसूफ आणि दुरुस्त झालेली असतील तिथून ती जाणार, असे आधीच जाहीर केलेले होते. झाले! घराघरातून केराच्या गाड्या निघू लागल्या. त्या मिरवणुकीत गावातले झाडूवाले पांढरे कपडे घालून, गळ्यात हार घालून मानाने चालले. 'कसले कसले लोक' ते हेच. दिवाळीचा असा उपयोग पुढे कोणी केल्याचे मी वाचलेले नाही.

नागपुरात मात्र गेडिसचा मार्ग न येता ट्रस्टाचाच आला. नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा झाला १९३६ साली. प्रन्यासाने दलदली बुजविल्या, मलनिःसारणाची व्यवस्था लावली, जुन्या वस्तीतून सेंट्रल अॅव्हेन्यू काढला. ही कामे लहान नव्हती. पण आखलेला भूखंड विकत घ्यायला हाती पैसा लागतो. तो ज्यांच्याजवळ नव्हता त्यांना दोन वाटा राहिल्या. पहिली झोपडपट्टीची. दुसरी वाट ज्यांनी धरली त्यांच्यात माझे वडील होते.

शहराच्या कडेला शेतकऱ्याचे वावर विकत घ्यावे, चुन्याने रेघा मारून त्यात प्लॉट पाडावे, आणि कोणतीही मंजुरी नसता ते कारकून, मास्तर, कंपाउंडर अशा लोकांना हप्त्याने विकावे, हा धंदा नागपुरात अनेक वर्षे तेजीत होता. वडिलांनी फंडातून उचल करून असाच एक प्लॉट घेतला. पहिली काही वर्षे पावसाळ्यात आई चपला हातात घेऊन घरी येई. पाणी टँकरचे. आराखड्याच्या दृष्टीने आम्ही तेथे नव्हतोच; नकाशात आमच्या स्वयंपाकघराच्या जागी शेत होते. पुढे २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि असली बांधकामे नियमित करण्याची तरतूद झाली. नागपुरात 'एकोणीसशे ले-आउट' म्हटले की अजून जुन्या लोकांना हा सारा खटाटोप आठवतो. डिमांड नोट भरायची, मग आर.एल. मिळायचे. ते रिलीज लेटर ज्या दिवशी हाती आले त्या दिवशी वडिलांनी ते देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले होते. म्हणजे शेतीची जमीन राहण्याची करून घेणारे, तेही आधी घर बांधून आणि मागाहून परवानगी मिळवून, आम्हीच! त्या चार गृहस्थांपैकी तिघांच्या कपाटात तेच पत्र आहे.

आता मुंबईचे सांगितले पाहिजे, कारण आरक्षणाच्या एका शब्दाने काय होते ते तेथे जसे दिसले तसे अन्यत्र कोठेही दिसले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. मागे राहिली शहराच्या मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन. ती गिरणीसाठी होती, आता तिचा वापर बदलणार. १९९१ च्या विकास नियमावलीत अठ्ठावन्नावा नियम आला. त्याचा आशय असा की, मालकाने जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सर्वसामान्यांच्या घरांसाठी, आणि उरलेली त्याची. एखाद्या शहाण्या आजोबाने तीन नातवंडांत करंजी वाटावी तसा हा हिशेब. २००१ साली नियम दुरुस्त झाला. वाटणी राहिली, परंतु ती गिरणीच्या आवारातल्या आधीपासून उघड्या असलेल्या जमिनीपुरती. शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी होईल ती या वाटणीत धरायची नाही. आता गिरणी म्हणजे बहुतेक शेडच! करंजी तीच, पण वाटायचे ते फक्त तिच्या कडेचे कातरलेले पीठ. प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली वाटणी साऱ्या जमिनीची धरली. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम केली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने २०१२ साली सोडत काढली, तेव्हा घरे होती ६,९२५, आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास.

आणि आमची एम्प्रेस? १९८६ साली ती टाटांच्या हातून सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ साली बंद पडली. मुंबईचा तो अठ्ठावन्नावा नियम मुंबईपुरताच होता. तिसऱ्या हिश्शाचे भांडण करायलाही नागपुरात जागा नव्हती. दलदल बुजवून केलेल्या त्या जमिनीवर आज मॉल आहे. माझ्या वर्गातली मुले तेथे सरकत्या जिन्यावर चढून येतात, आणि त्यांतल्या एकाचे आजोबा त्याच आवारात साच्यावर उभे राहत होते हे त्याला मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. अलीकडच्या सरकारी योजनेतली स्वस्त घरे आपल्या शहरात झाली नाहीत असे नाही. झाली ती पूर्वेच्या कडेला, तरोडीसारख्या ठिकाणी. पुन्हा गावाबाहेर. भांडी घासायला, बांधकामावर जायला रोज शहरात यावे लागणाऱ्या बाईला त्या अंतराची किंमत विचारावी.

गावाच्या आत, बऱ्यापैकी शेजारात अशी घरे बांधताच येत नाहीत, असा समज असेल तर तो खरा नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहराने श्रीमंतांच्या घरांवर चढता कर बसवून गरिबांसाठी साठ हजारांवर घरे बांधली. त्यातली सर्वांत प्रसिद्ध इमारत १९३० साली पुरी झाली. एक किलोमीटरहून लांब, १,३८२ बिऱ्हाडांची; आणि ती बंगलेवाल्यांच्या भागात उभी आहे. तिच्यात धुण्याच्या जागा, बालवाड्या, वाचनालय अशा सोयी होत्या. आज शंभरीकडे आली तरी लोक तेथे राहतात.

महिना संपायला चार दिवस राहिले तेव्हा मंडळी पुन्हा आली. मी त्यांना दोन कागद दाखविले. एकावर काहीच लिहिलेले नव्हते. दुसऱ्यावर माझी सही होती. जाहीर सूचनेत 'हरकती व सूचना' असे शब्द होते. मी हरकत न लिहिता सूचना लिहिली होती. इमारत रस्त्यालगत घ्यावी, मागे पोरांना खेळायला निम्मी जागा कायम सोडावी आणि तशी ती आराखड्यातच दाखवावी, नळाची जलवाहिनी आधी मोठी करावी, आणि घरे ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्याच नावे राहतील असा बंदोबस्त असावा.

"म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूचे झाले," चौथे गृहस्थ म्हणाले.

"मी आपल्या आर.एल.च्या बाजूचा आहे," मी म्हटले. त्यांना ते लागले. मला बोलून गेल्यावर वाईट वाटले, पण शब्द परत घेता आला नाही.

हरकतीचा कागद त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला. त्यावर एकेचाळीस सह्या झाल्या. माझ्या कागदावर, माझी धरून, तीन. त्यातली एक आमच्या मंडळींची, आणि एक, मला कल्पना नव्हती, त्याच चौघांपैकी एकाच्या आईची. "आमच्या वेळीही शेजारच्या शेतवाल्यानं तक्रार केली होती," असे म्हणून त्या माउलीने सही केली.

सुनावणी झाली. निर्णय अजून आलेला नाही. दिवाळीनिमित्त पोरांनी त्या जागेवर किल्ला केला आहे, आणि यंदा किल्ल्याच्या पायथ्याशी मातीची चार मजली इमारतही उभी आहे. कोणी करविली म्हणून मी विचारले, तर उत्तर मिळाले, "सर, शिवाजी महाराजांच्या गावात लोक राहणार कुठे मग?"