घड्याळ थांबवलं, पण कुणाचं?

आज जाऊया मार्च २०२० मध्ये. थाळ्या, रिकामे रस्ते, बंद लोकल हे सगळं आपल्याला आठवतं. पण त्याच आठवड्यात सुप्रीम कोर्टाने देशभरातलं एक घड्याळ थांबवलं, त्याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

समजा, तुम्ही कुणाला पैसे उसने दिलेत. ते परत मिळवायचा दावा साधारण ३ वर्षांत लावावा लागतो. हा १९६३ चा मुदत कायदा. दिवस उलटला की दावा मुदतबाह्य! अपिलाला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून माफी मागता येते, कलम ५ खाली. मूळ दाव्याला तीही सोय नाही. आता विचार करा, शेवटची तारीख एप्रिल २०२० मध्ये आहे आणि घराबाहेर पडायलाच बंदी आहे.

२३ मार्च २०२० ला, म्हणजे देशव्यापी लॉकडाऊन जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी, सरन्यायाधीश शरद बोबडे (आपल्या नागपूरचे) यांच्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. राज्यघटनेच्या कलम १४२ चा अधिकार वापरून आदेश दिला: १५ मार्चपासून सगळ्या मुदती वाढवल्या, पुढच्या आदेशापर्यंत.

मी सॉफ्टवेअरवाला. टाइमआउट वाढवायचा म्हटलं की मी आधी एकच गोष्ट बघतो: दुसऱ्या टोकाला कोण ताटकळतंय?

इथेही कुणीतरी ताटकळत होतंच. अटकेनंतर पोलिसांनी ६० किंवा ९० दिवसांत (गुन्ह्यानुसार) आरोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन द्यायला तयार असलेल्या आरोपीला तो मिळण्याचा हक्क असतो. मे २०२० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे असंच एक प्रकरण आलं. ६० दिवस उलटलेले, आरोपपत्र नाही. तरी जामीन नाकारला. का, तर सुप्रीम कोर्टानेच मुदती वाढवल्यात ना!

म्हणजे दावेदाराला वाचवायला केलेली सोय पोलिसांच्या कामी आली आणि माणूस आतच राहिला.

जून २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे खोडून काढलं. आमचा आदेश कोर्टात येऊ न शकणाऱ्यांसाठी होता, आरोपीचा हक्क काढून घ्यायला नव्हे. लॉकडाऊन म्हणजे आणीबाणी नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

पुढे मुदतीचा खेळ चालूच राहिला. मार्च २०२१ मध्ये सवलत संपवली, दुसरी लाट आली, एप्रिलमध्ये पुन्हा चालू. सप्टेंबरमध्ये परत आवरतं घेतलं, मग ओमायक्रॉन. अखेर १० जानेवारी २०२२ चा आदेश: १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे दिवस मोजायचेच नाहीत. मी हिशोब केला, ७१६ दिवस! या काळात ज्यांची मुदत संपली, त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस, किंवा शिल्लक दिवस त्याहून जास्त असतील तर तेवढे.

पुढच्या साथीत पुन्हा असा आदेश निघेलच, आणि निघायलाही हवा. फक्त त्यात पहिल्या दिवसापासून एक ओळ असावी: कोठडीतल्या माणसाचं घड्याळ चालूच राहील.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!