उड्डाणक्षमता, आद्य जेट प्रवासी विमानांची

उड्डाणक्षमता : ठरावीक वजन घेऊन, उपलब्ध धावपट्टीत विमान सुरक्षितपणे जमीन सोडून चढू शकते की नाही, हे ठरविणारी मोजमापे. १९५० च्या दशकातील जेट प्रवासी विमानांत ही सर्वांत नाजूक बाब होती.

कारण : टर्बोजेट इंजिन थोडी हवा फार वेगाने मागे फेकते. उंचावर, भर वेगात ते उत्तम चालते. धावपट्टीवरील कमी वेगात मात्र प्रोपेलरच्या मानाने त्याचा रेटा तोकडा पडतो. विमानतळ उष्ण प्रदेशात वा उंचावर असेल, तर विरळ हवेमुळे इंजिनाचा रेटा आणि पंखांची उचल दोन्ही घटतात.

कॉमेट : २ मे १९५२ रोजी लंडन–जोहान्सबर्ग मार्गावर सेवेत आलेल्या ‘द हॅविलंड कॉमेट–१’ला प्रत्येकी सु. ५,००० पौंड रेट्याची चार ‘घोस्ट’ इंजिने होती. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच. अशा ठिकाणांसाठी जोडीला ‘स्प्राइट’ रॉकेटे लावून पाहण्यात आली. ती सेवेत आली नाहीत. धावताना विमानाचे नाक प्रमाणाबाहेर उचलले गेले, की हवेचा रोध वाढे आणि वेग वाढेनासा होई. ऑक्टोबर १९५२ मध्ये रोम येथे विमान असेच धावपट्टीबाहेर गेले. मार्च १९५३ मध्ये कराचीच्या अपघातात विमानातील सर्व ११ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलण्यात आला.

बोइंग ७०७ : ऑक्टोबर १९५८ मध्ये सेवेत आलेल्या पहिल्या ७०७ च्या ‘जेटी३सी’ इंजिनांत उड्डाणाच्या वेळी शुद्ध पाणी फवारत. पाण्याने हवा थंड व दाट होऊन रेटा सु. १३,००० पौंडांपर्यंत जाई. मागे काळ्या धुराचे लोट आणि कानठळ्या बसविणारा आवाज उरे. एअर इंडियाने १९६० मध्ये घेतलेल्या ७०७ विमानांना मात्र रोल्स-रॉइसची ‘कॉनवे’ इंजिने होती. त्यांत काही हवा ज्वलनकक्षाला वळसा घालून जाई, रेटा सु. १७,५०० पौंड असल्याने पाण्याची गरज उरली नाही. १९६१ पासून अमेरिकी टर्बोफॅन इंजिनेही याच वाटेने गेली.

परिणाम : कॉमेटच्या अपघातांनंतर, शेपूट धावपट्टीला घासेल इतके नाक उचलूनही विमान हवेत चढते का, याची चाचणी प्रमाणनात आली. निर्णयवेग (ज्यानंतर उड्डाण सोडून उरलेल्या धावपट्टीत थांबता येत नाही तो वेग) ओलांडल्यावर एक इंजिन बंद पडले, तरी उरलेल्या इंजिनांवर उड्डाण पूर्ण व्हावे, हा दंडक आजही प्रत्येक प्रवासी जेट विमानाला लागू आहे.