शब्दवेध : मक्ता

एका नावाने धंदा चालवण्याचा हक्क ठरावीक पैशाला देणे याला आज फ्रँचायझी म्हणतात. मराठीतला त्याचा जुना भाऊबंद ‘मक्ता’. तो ‘कापणे, तोडणे’ या अर्थाच्या अरबी धातूवरून आला : रक्कम ठरवून हक्क तोडून दिला, तो मक्ता. गझलेचा शेवटचा शेर ‘मक्ता’ हाही त्याच धातूचा. अहमदनगरच्या निजामशाहीत वजीर मलिक अंबराने महसूलवसुलीचे मक्ते देणे बंद करून जमिनीची प्रत व पीक पाहून सारा बसवला. शब्द मात्र टिकला.

मक्तेदार कराराला चुकला की ‘कसूर’. हा शब्दही अरबीच, मूळ अर्थ उणे पडणे, म्हणजे गुन्ह्यापेक्षा सौम्य. उणे भरून काढता येते, म्हणून दुरुस्तीची मुदत. आजच्या फ्रँचायझीत रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याचे ठरलेले पैसे, थकली की नोटीस येते, उदाहरणार्थ तीस दिवसांत भरा. भरली तर कसूर मिटली, नाहीतर करार संपला. नावाचा गैरवापर केल्यास बहुतेक करार मुदतच देत नाहीत. भारतात फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदा नाही, मुख्यतः 1872चा करार कायदा लागतो. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या 1990च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने करार रद्द झालेल्या गॅस वितरकाला एजन्सी परत दिली नाही. नोटिशीच्या 30 दिवसांची भरपाई तेवढी मान्य केली.